गायीचं औषध आणि माझा तोल

मी दारू पीत नाही, कधी प्यालेलोही नाही. आजारपणाची हकीकत कुणी अशी सुरू करत नाही, पण मला करावी लागतेय, कारण आमच्या गावात, कळंबात, अजून दोन-चार माणसं अशी आहेत की मी रस्त्यानं चाललो की एकमेकांकडे बघतात. त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. लिहितोय ते खेळणाऱ्या पोरांसाठी. खेळता खेळता ज्यांचा तोल जायला लागलाय, नीट धावता येत नाही, आणि संघातून काढतील म्हणून जे कुणाला काही सांगत नाहीत त्यांच्यासाठी. मीही सांगितलं नव्हतं.

माझं नाव समीर. आम्ही बागवान. अब्बा डाळिंबाच्या, पेरूच्या बागा बघून माल उचलतात, त्यामुळे घरात बारा महिने क्रेट आणि कागदाच्या कात्रणांचा पसारा. मी बारामतीला खोली घेऊन कॉलेज करत होतो. खरं म्हणजे फुटबॉल करत होतो, मधल्या वेळात कॉलेज. आमच्या भागात कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांनाच खेळ म्हणतात. फुटबॉल खेळतो म्हटलं की लोक विचारतात, "मंग हातानं काय करता?" तरी मी डाव्या बाजूनं पळायला लागलो की मैदानाच्या कडेला बसलेले उठून उभे राहायचे. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. काय गेलं ते कळावं म्हणून लिहितोय.

इंदापूरला स्पर्धा होती. तिथला खेळ बघून विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला पोरं बोलावणार होते. मला बोलावणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं आणि मी तर त्या संघाच्या जर्सीवर कुठला नंबर मागायचा तेही ठरवून ठेवलं होतं.

नडगी

स्पर्धेच्या अडीच आठवडे आधी सरावात घसरलो. आमचं मैदान मुरमाचं. डाव्या नडगीची साल निघाली. नळाखाली धुतली आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाल झाला, पू धरला, ताप भरला. डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या लिहून दिल्या आणि दहा दिवस मैदानाचं नाव काढू नकोस म्हणाले. दहा दिवस झोपून राहिलो असतो तर स्पर्धेत लंगडत गेलो असतो. मला ते मान्य नव्हतं.

अमोल आमचा गोलकीपर आणि माझा जिगरी दोस्त. बारामतीजवळच्या सांगवीचा. त्याच्या घरी आठ-दहा एचएफ जातीच्या दुधाळ गायी. लहानपणापासून गोठ्यात वावरल्यामुळे जनावराला सुई टोचण्यात त्याचा हात असा बसलाय की गायीनं मान वळवेपर्यंत याचं काम झालेलं असतं. डॉक्टर यायला उशीर झाला की शेजारचे लोक त्यालाच हाक मारतात. त्यांच्या फ्रिजमध्ये विरजणाच्या पातेल्याशेजारी औषधाच्या बाटल्या असतात. बाटलीत औषध उरलं तर टाकून द्यायची पद्धत आमच्या भागात नाही.

अमोलनं माझा पाय बघितला, त्यातली एक बाटली काढली आणि म्हणाला, "आमच्या चांदणीची कास दगडी झाली व्हती. ह्या औषधानं चार दिसांत मऊ पडली. माणसालाबी हेच देत्यात, बग मोबाईलवर."

मी बघितलं. खरंच, नाव तेच होतं. माणसाचं आणि जनावराचं औषध एकच, फक्त बाटली मोठी, असं आमच्याकडे कुणीही सांगेल. त्यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धंच मला महागात पडलं. हे औषध माणसाला देताना रक्त तपासतात, दिवस मोजतात, कानावर आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवतात. आम्ही गायीचं वजन आणि माझं वजन घेऊन गणित मांडलं. गणितात दोघंही काठावर पास झालेले. वर मीच म्हणालो, थोडं वाढव, स्पर्धा तोंडावर आलीय.

सकाळ-संध्याकाळ, अकरा दिवस. मी गोठ्यातला खांब धरून उभा राहायचो, अमोल मागून सुई द्यायचा आणि चांदणी रवंथ करत आमच्याकडे बघायची. आम्ही तेव्हा खूप हसलो. पाचव्या दिवशी पाय बरा झाला होता. तरी रोग परत उलटू नये म्हणून आम्ही बाटली संपेपर्यंत चालू ठेवलं. थांबायचं कुणी सुचवलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं.

साबण

पहिली खूण मैदानात नाही, मोरीत मिळाली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि पुढच्या क्षणी मी बादलीवर पडलेलो. पाय घसरला असणार म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना पुन्हा तेच. तेव्हापासून मी एका हातानं नळ धरून तोंड धुवायला लागलो आणि असं करतोय हे स्वतःच्या लक्षात येऊ दिलं नाही.

मग सरावात बॉल हलायला लागला. उभा राहून बघितलं की बॉल ठीक. धावायला लागलो की बॉल, गोलपोस्ट, समोरचा डिफेंडर, सगळं वरखाली उड्या मारायचं. पळता पळता मोबाईलवर व्हिडिओ काढला की तो जसा दिसतो तसं. हेडर मारायला उडी घेतली की खाली कुठे उतरणार ते कळायचं नाही. दोनदा तर माझ्याच माणसाच्या अंगावर उतरलो. पोरांना वाटलं ताप अजून अंगात आहे. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

इंदापूर

मॅच दुपारी होती. पहिली दहा मिनिटं मी बॉलपासून लांब राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बॉल आपल्याकडे येऊ नये म्हणून मनात दुआ करत होतो. पण आलाच. डावीकडे मोकळी जागा, पुढे एकटा गोलकीपर. अशी संधी मिळावी म्हणून खेळाडू महिनोन्महिने घाम गाळतो. मी पळालो आणि गोलपोस्ट नाचायला लागला. मी मान वळवून बॉल बघितला आणि पडलो. आसपास कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला नव्हता, पाय अडकला नव्हता. मोकळ्या मैदानात एक धडधाकट पोरगा आडवा झाला.

लोक हसले. उठलो तो दोन पावलं तिरका गेलो आणि पुन्हा हात टेकले. रेफ्री जवळ येऊन माझ्या तोंडाजवळ वाकला, तेव्हा मला वाटलं काही लागलंय का ते बघतोय. मग कडेच्या लोकांतून कुणीतरी निवांत आवाजात म्हणालं, "सोडा ओ त्याला, पिऊन आलंय."

मला बाहेर बसवलं. संध्याकाळी मी घरी पोचलो तर ती बातमी माझ्या आधी कळंबात पोचली होती.

आ कर

अब्बा कमी बोलणारे. बागेत व्यापारी तासभर घासाघीस करतात, अब्बा झाडाखाली उभे राहून दोन वाक्यं बोलतात आणि माल त्यांना मिळतो, कारण त्यांच्या शब्दाला किंमत आहे. त्यांनी त्या दिवशी मला काहीच विचारलं नाही. अम्मीनं विचारलं. मी म्हटलं, ऊन लागलं.

मग जुम्म्याचा शुक्रवार आला. मशिदीत आम्ही रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, त्यामुळे उभं असताना मी निभावलो. शेजारच्यांनाही कळलं नसेल की मी त्यांच्या खांद्याच्या आधारावर उभा आहे. पण सजद्यात कपाळ टेकवलं आणि जमीन कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. उठताना मी शेजारच्या म्हाताऱ्या चाचांवर कोसळलो. ते बिचारे बाजूला कलंडले. नमाज चालू होती, कुणी काही बोललं नाही. नमाज संपल्यावरही कुणी काही बोललं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. अब्बा माझ्या मागच्या रांगेत होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तुझी दाढ दुखती म्हणला व्हतास. आ कर, बघू."

मी असं कधी म्हणालो नव्हतो. तरी मी आ केला. ते जवळ आले. त्यांच्या नाकाचा गरम श्वास माझ्या ओठांना लागला. दोनदा. मग ते मागे सरले, "काय न्हाय," एवढंच म्हणाले आणि क्रेट लावायला बाहेर गेले.

त्यांनी माझं तोंड हुंगलं हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं असणार. त्याच क्षणी मी सगळं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. का, ते खरं खरं लिहितो. सांगितलं असतं तर निवड चाचणी गेली असती. अजून नाव येईल अशी मला आशा होती. हे पहिलं कारण. अमोलचं नाव सांगवीत खराब झालं असतं, हे दुसरं. लोकांना मी नेहमी दुसरं कारण आधी सांगत आलोय.

पुढचे तीन आठवडे घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. अब्बा मला बागेत बरोबर नेईनात. अम्मी माझी बाजू घेऊन त्यांच्याशी भांडायची आणि नंतर गुपचूप माझी बॅग तपासायची. दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनी विचारलं, काही औषधं घेतली होतीस का? दोन्ही वेळा मी म्हटलं, तापाच्या गोळ्या. त्यांनी चक्कर थांबायच्या गोळ्या दिल्या, पण त्या खाऊन फक्त झोप यायची. मला चक्कर येतच नव्हती. घर फिरत नव्हतं, मी हललो की ते हलत होतं. हा फरक मला सांगता येत नव्हता आणि अर्धीच गोष्ट ऐकलेल्या डॉक्टरला तो कळणार कसा?

वॉर्ड

शेवटी उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, तोंडावर सूज आली. बारामतीच्या एका दवाखान्यात भरती केलं. रक्ताचा रिपोर्ट बघून मूत्रपिंडावर ताण आलाय म्हणाले. पाच दिवस सलाईन.

दवाखान्यातला दिवस लवकर सुरू होतो. पहाटे ताप बघतात, मग रक्त काढतात, मग फरशी पुसतात. ओली फरशी म्हणजे माझा काळ. कॉटपासून संडासापर्यंत बावीस पावलं होती आणि ती मी भिंतीला हात लावून चालायचो. एकविसाव्या वर्षी. दारात पोचलो की घाम फुटलेला असायचा. मैदानभर पळून मला एवढा घाम कधी आला नव्हता.

शेजारच्या कॉटवर कऱ्हाटीचे एक आबा होते, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना वॉकर मिळाला होता. मी त्या वॉकरकडे बघायचो हे त्यांनी हेरलं. म्हणाले, "माझ्या गाडीवर डोळा ठिवू नगं, तुझी तू दुसरी बग." मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसलो. त्यांनीच मला उठायची रीत शिकवली. आधी पायाखालची फरशी बघायची, मग समोरची भिंत, मग उठायचं, आणि उठल्याबरोबर निघायचं नाही. पुढे थेरपिस्टनी मला जवळपास हेच शिकवलं, फक्त आबांनी ते शिव्यांसकट शिकवलं होतं. मी का पडतो ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या पाच दिवसांत तेवढा एकच माणूस मला असा भेटला.

बाटली

चौथ्या दिवशी कानाच्या डॉक्टर बाई आल्या. अब्बा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. बाईंनी मला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. खालच्या ओळीपर्यंत वाचली. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून त्या हलक्या हातानं हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, आता वाच. मला वरच्या दोनच ओळी दिसल्या. मग एका जाड गादीवर उभं केलं आणि डोळे मीट म्हणाल्या. मिटले आणि मी थेट त्यांच्या अंगावर गेलो. त्या तयारीत होत्या.

अब्बा एकदम म्हणाले, "डाक्टरबाई, दारू पितो का, तेवढं सांगा."

सगळा वॉर्ड ऐकत होता. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "हा पिऊन पडत नाहीये. आपल्या दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. याचा दोन्हीकडचा बंद पडल्यासारखा झालाय. तरुण पोराला असं उगाच होत नाही." मग मला म्हणाल्या, "कुठली इंजेक्शनं घेतलीस?"

मी म्हटलं, "नाही घेतली."

"नीट आठव. तेच औषध चुकून पुन्हा दिलं गेलं तर ऐकूही यायचं बंद होईल."

मी पुन्हा नाही म्हटलं. मला आजही तेव्हाच्या त्या समीरच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा अमोल दारात उभा होता. मला तो दिसला नव्हता. मला भरती केलंय हे ऐकून त्यानं आदल्या दिवशी पुन्हा मोबाईल उघडला होता, आणि या वेळी औषधाच्या नावाखाली जे बारीक लिहिलेलं असतं ते शेवटपर्यंत वाचलं होतं. तो आत आला, पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि कॉटशेजारच्या टेबलावर ठेवली. बाटलीवर गायीचं चित्र होतं.

अब्बांनी ती उचलली. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी ती अमोलपुढे धरली आणि काय लिहिलंय ते वाच म्हणाले.

अमोलनं बाटली हातात घेतली. "फक्त जनावरांच्या उपचारासाठी," त्यानं वाचलं. मग अब्बांकडे वळून म्हणाला, "तात्या, म्या दिली सुई. आकरा दिस."

अब्बा खाली बसले. स्टूल होतं तरी फरशीवर बसले. त्यांनी अमोलला मारलं नाही, मला मारलं नाही. डॉक्टर बाईंनी किती, केव्हा, किती दिवस ते सगळं विचारून लिहून घेतलं आणि अमोलला म्हणाल्या, बाटली आणलीस ते फार बरं केलंस. अमोल भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मी रडलो नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की मला त्याची लाज वाटली.

काय गेलं, काय राहिलं

बाईंनी मला स्पष्ट सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मूत्रपिंडं सावरतील. कान ऐकत राहतील. तोलाचा जो भाग गेला तो बहुतेक परत येणार नाही. मेंदू डोळ्यांकडून आणि पायांकडून काम करून घ्यायला शिकेल, पण त्याला व्यायाम लागेल, रोज, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. अंधारात सांभाळायचं. विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहायला उतरायचं नाही, कारण पाण्याखाली डोळे मिटले तर वर कुठे आणि खाली कुठे ते मला कळणार नाही. मी फुटबॉलचं विचारलं. त्या म्हणाल्या, चालणं आधी.

घरी आल्यावर आठ दिवस सगळे माझ्याशी गोड वागले. नवव्या दिवशी अब्बांचा बांध फुटला. दुपारी जेवताना अम्मीनं मला आणखी एक भाकरी वाढली, एवढंच निमित्त. त्यांनी ताट सरकवलं.

"गायीचं औषध घेतलंस, घे. येडा हायेस, म्हणून घेतलंस. पर म्या तुझं त्वांड हुंगलं. बाप असून हुंगलं. आन् तू मला हुंगू दिलंस. गप उभा ऱ्हायलास."

आजारपणानं माझं काय काय नेलं ते लोक विचारतात तेव्हा मी फुटबॉल सांगतो. हे सांगत नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

व्यायाम

अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, त्याच्या नखावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. एवढंच. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत ओकलो. मग फोमच्या गादीवर उभं राहणं, मग चालता चालता मान फिरवणं. दिवसातून पाच वेळा. अम्मी म्हणायची, नमाजच्या वेळाच धर, म्हणजे विसरणार नाहीस. तेच केलं.

कॉलेज पुन्हा सुरू केलं तेव्हा अमोल रोज सकाळी मैदानावर यायचा. मी पांढऱ्या रेषेवरून चालायचो आणि तो कधी डावीकडून, कधी उजवीकडून बोटं दाखवायचा. मी न थांबता किती ते सांगायचं. जनावरांना सुई देणं त्यानं सोडलंय. गावातले लोक त्याच्यावर रागावतात, एवढा चांगला हात वाया घालवतोस म्हणतात. तो कारण सांगत नाही. मी सांगायला लागलोय.

त्या काळात चिडचिड फार झाली. गर्दीत जायची भीती बसली. बाजारात दोन्ही बाजूंनी माणसं हलायला लागली की मी खांबाला धरून उभा राहायचो. निवड चाचणी केव्हा होऊन गेली ते मी मुद्दाम कळून घेतलं नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर सुधारणा आठवड्यात मोजू नका, महिन्यांत मोजा. सहाव्या महिन्यात मी डोळे मिटून तोंडाला साबण लावला आणि पडलो नाही. नळ धरलेला होता, तरी पडलो नाही. आणि डॉक्टरनं विचारलं तर काय घेतलं ते सांगा, मग ते गोठ्यातलं असो नाहीतर पानटपरीवरचं. लाज चार दिवस टिकते.

दहा मिनिटं

वर्ष झालं तेव्हा मला सरळ रेषेत पळता येत होतं. वळताना जग अजून हलायचं, पण थोडं. आमच्याच संघाची इंदापूरच्या पोरांशी तिथल्याच मैदानावर मैत्रीची मॅच ठरली आणि मी हट्ट धरला की मला शेवटची दहा मिनिटं द्या. थेरपिस्ट नको म्हणाले नाहीत. पडलास तर पडशील, म्हणाले. अमोलला ते पसंत नव्हतं, पण तो गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

अब्बा आले होते. त्याआधी ते माझ्या एकाही मॅचला आले नव्हते. माल उतरवून टेम्पो घेऊन तसेच आले आणि कडेला लोकांत उभे राहिले.

मला डावीकडे पास आला. मी पळालो. बॉल थोडा हलत होता, तरी पायाजवळ होता, आणि माझ्या छातीत असा आनंद भरून आला की मला ओरडावंसं वाटलं. समोरून त्यांचा डिफेंडर आला. धिप्पाड पोरगा, आधीच्या पाऊण तासात त्यानं आमच्या दोघांना लोळवलं होतं. मी त्याला चुकवायला आत वळलो, माझा पाय डगमगला, बॉल सुटला. आता तो घेणार. त्यानं नाही घेतला. तो थांबला, एक पाऊल मागे सरला आणि मला बॉल पुन्हा पायात घेऊ दिला.

सगळ्या मैदानाला माझं माहीत होतं. पोरगा चांगल्या मनाचा होता. मी त्या चांगुलपणावर गोल करू शकलो असतो, लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. मी बॉल हळूच रेषेबाहेर घालवला आणि हात वर केला. मला बदला, म्हणून.

बाहेर आलो. अब्बा गर्दीतून पुढे आले.

"दमलास?"

"न्हाय अब्बा. जमत न्हाय."

त्यांनी मैदानाकडे बघितलं. खेळ पुन्हा सुरू झाला होता.

"कवातरी जमंल?"

"न्हाय."

मला वाटलं ते काहीतरी समजुतीचं बोलतील. दिवस मावळत आला होता, टेम्पो रस्त्यापलीकडे लावलेला होता आणि मधे नांगरटीचं शेत होतं. आजूबाजूला तीच माणसं उभी होती जी वर्षापूर्वी हसली होती, निदान त्यांच्यातली काही.

"मंग मला धरून चल," अब्बा म्हणाले. "अंधार पडाय लागलाय."

मी सगळ्यांसमोर त्यांचा दंड धरला आणि आम्ही ढेकळांतून टेम्पोपर्यंत चालत गेलो.